जुन्या शॅस्टाचं आतलं काम: लाकूड, नळ आणि पॅनेल

शॅस्टा, स्कॉटी, ॲरिस्टोक्रॅट, आल्जो. १९५० ते १९७० च्या दशकांतले बारा-सोळा फुटी, लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकलेले, गाडीमागे ओढायचे हे कॅम्पिंगचे ट्रेलर अमेरिकेत आजही कुणाच्या तरी परसात ताडपत्रीखाली उभे सापडतात. विकणारा सांगतो, “आतून जरा रंग मारला की झालं.” तसं होत नाही. भिंतीच्या पॅनेलवर चहाच्या रंगाचा एक डाग दिसत असेल, तर त्यामागची दोन-तीन फूट लांबीची पट्टी कुजलेली आहे असं धरूनच भाव करायचा.

हे काम सुरू करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. हे ट्रेलर आतून बाहेर बांधत जायचे. आधी चासीवर फ्लोअर, त्यावर आतल्या पॅनेलसकट उभ्या केलेल्या बाजूच्या भिंती, मग कपाटं आणि ओटा. कपाटांचे बरेच स्क्रू बाहेरच्या बाजूने, पॅनेलमधून आत मारलेले असतात. त्यानंतर वायरिंग, इन्सुलेशन आणि सगळ्यात शेवटी पत्रा. म्हणून आतलं काम बाहेरून सुरू करावं लागतं. आतून कपाटं उपटायला गेलात तर पॅनेल फाटतं, लाकूड चिरतं आणि स्क्रू मात्र जागचा हलत नाही. (२०१५ साली शॅस्टाच्या जुन्या एअरफ्लाइट मॉडेलच्या रूपात नव्याने निघालेल्या १,९४१ गाड्यांना यातलं काही लागू नाही, त्या आतून आधुनिकच आहेत.)

दाभण घेऊन फिरा

तपासणीला महागडं काही लागत नाही. एक दाभण, टॉर्च, आणि जमल्यास ओल मोजायचा मीटर. मीटरने २० टक्क्यांच्या वर आकडा दाखवला तर तिथे कुजणं चालू आहे किंवा लवकरच सुरू होणार. दाभण टोचायच्या जागा ठरलेल्या आहेत: मागचे दोन्ही खालचे कोपरे, पुढच्या खिडकीखालची आडवी पट्टी, छतावरच्या व्हेंटची चौकट, वरच्या क्लिअरन्स लाइटच्या मागचं लाकूड, चाकांच्या कमानी आणि दाराचा उंबरठा. चांगल्या लाकडात दाभण जेमतेम शिरतं. भुसभुशीत लाकडात ते मुठीपर्यंत जातं, तेव्हा वेगळं काही सांगायला लागत नाही.

खाली वाकून चासीही पाहून घ्या. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने निघतो. हातोडीने ठोकल्यावर पापुद्रे पडत असतील तर वेल्डर आधी, सुतार नंतर.

फ्लोअरवर जुन्या विनाइलच्या टाइल्स असतील तर त्या आणि त्यांच्याखालचा काळा डिंक घासायच्या आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या; दोन्हींत ॲस्बेस्टॉस असू शकतं. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरायची, म्हणजे कोरडं सँडिंग बंद.

उघडताना

प्रत्येक बाजूचे भरपूर फोटो, प्रत्येक कपाटाची फ्लोअरपासूनची उंची, प्रत्येक तुकड्यावर मार्करने नंबर. खिडक्या आणि दार आधी निघतात. मग कडेचं ॲल्युमिनियमचं मोल्डिंग: त्याच्या खाचेतली व्हिनाइल पट्टी ओढून काढली की स्क्रूची रांग दिसते. निम्मे स्क्रू गंजून अडकलेले असतात. त्यांना इम्पॅक्ट ड्रायव्हरने झटके देण्याऐवजी डोकं ड्रिलने उडवा. मोल्डिंग वाकलं तर तसंच नवं मिळणं अवघड. छताचा पत्रा आधी निघतो, मग बाजूचे पत्रे वरून खाली, कारण पावसाचं पाणी बाहेर ओघळावं म्हणून वरचा पत्रा खालच्यावर चढवलेला असतो. पत्र्याखालच्या पिना पातळ पटाशीने उचलायच्या. घाई केली की पत्र्याला कायमची सुरकुती पडते.

सगळा सांगाडा एकदम मोकळा करू नका. ही चूक सर्रास होते आणि तिला औषध नाही: पत्रा आणि पट्ट्या दोन्ही निघाल्या की गोल कमानीचा आकार बिघडतो, मग जुना पत्रा परत बसतच नाही. एका वेळी एक बाजू उघडा, आतून तिरप्या पट्ट्या मारून भिंत जखडा, आणि एक कुजकी पट्टी काढली की तिच्याच मापाची नवी लगेच बसवा. सरळ पट्ट्या बहुतेक पाऊण इंच बाय दीड इंच असतात. डग्लस फर किंवा पॉप्लर चालतं. कमानीचे तुकडे पाऊण इंची प्लायवूडमधून कापायचे, जुना तुकडा साचा म्हणून वर ठेवून. तो अर्धा कुजला असेल तर दुसऱ्या बाजूचा जोडीदार उलटा करून वापरा.

फ्लोअरसाठी बाहेरच्या वापराचं प्लायवूड घ्या, अर्धा ते पाच अष्टमांश इंच, जितकं मूळचं असेल तितकंच. प्रेशर-ट्रीटेड प्लायवूड स्वस्त आणि टिकाऊ म्हणून कुणी सुचवेल, घेऊ नका. त्यातल्या तांब्याच्या क्षारांनी ॲल्युमिनियम आणि साधं पोलाद दोन्ही खाल्लं जातं. त्याऐवजी कापलेल्या कडांना पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. पाणी पृष्ठभागातून क्वचित, कडेतूनच जास्त शिरतं.

टाकी कुठे ठेवायची

मूळ शॅस्टात पाण्याची सोय अगदी जुजबी असायची: छोटी टाकी, सिंकवर हातपंप, आणि सिंकचं पाणी पाइपाने सरळ जमिनीवर. आजच्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर जमिनीवर सांडपाणी सोडता येत नाही, त्यामुळे नळकाम करायचं तर दोन्ही बाजूंचं, म्हणजे गोड्या पाण्याचं आणि टाकीसकट सांडपाण्याचं, करावं लागतं.

गोड्या पाण्याची २० गॅलनची टाकी भरली की १६७ पौंड, म्हणजे ७६ किलो होतात. दोघांना दोन दिवस बेताने पुरतं. ती मागच्या बाकाखाली रिकामी जागा दिसते म्हणून तिथे ठेवू नका. मागे वजन गेलं की हिचवरचा (ओढणाऱ्या गाडीशी जोडायच्या सांध्यावरचा) भार कमी होतो आणि ताशी ५५ मैलांवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. टाकी ॲक्सलवर किंवा किंचित पुढे हवी. हिचवरचा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के राहिला पाहिजे. काम संपल्यावर ट्रकच्या काट्यावर मोजून घ्या.

टाकीला चार तोंडं लागतात: भरायचं सव्वा इंची, पंपाकडे जाणारं अर्धा इंची, तळाला निचऱ्याचं, आणि हवेचं अर्धा इंची. हवेची नळी टाकीच्या माथ्यापासून भरायच्या तोंडाच्या उंचीपर्यंत न लोंबता वर गेली पाहिजे. मध्ये झोळ पडला तर त्यात पाणी साचतं, भरताना टाकी उलट्या काढते, आणि पंप चालू असताना टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात. टाकीखाली अखंड प्लायवूड हवं. नुसत्या दोन पट्ट्यांवर ठेवलेली टाकी खड्ड्यांच्या रस्त्यावर तोंडाशीच फुटते.

पंप आणि पेक्स

१२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, मिनिटाला ३ गॅलनचा, ५५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाला आपोआप बंद होणारा, या आकाराच्या ट्रेलरला पुरून उरतो. तो साधारण ७ अँपिअर ओढतो. पंपावरच्या लेबलावर लिहिलेलाच फ्यूज घाला. पंपाच्या आधी जाळीचा गाळणीकप हवाच. नव्या टाकीत ड्रिलचा प्लॅस्टिकचा कीस राहिलेला असतो, आणि त्यातला एक कण पंपाच्या झडपेत अडकला की पंप फिरतो पण पाणी चढत नाही. दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट लवचिक नळी द्या. पंपाला कडक पाइप जोडला तर रात्री कुणी तोटी उघडल्यावर सगळा ट्रेलर घुमतो.

पाइप अर्धा इंची पेक्स, म्हणजे लवचिक प्लॅस्टिकचा. जुनं तांबं शाबूत असेल तर ठेवता येतं, पण थंडीत एकदा गोठलेलं तांबं सांध्यात नाही, सरळ लांबीत बारीक चिरतं, आणि ती चीर दिसत नाही. १९७८ ते १९९५ च्या दरम्यान कुणी दुरुस्ती केली असेल तर राखाडी रंगाचा पॉलिब्युटिलीन पाइप सापडेल. त्याला जोड लावत बसू नका, मुळापासून काढा.

पेक्स करवतीने नव्हे, त्याच्या कटरने कापा. टोक गुण्यात, म्हणजे काटकोनात हवं. सांधा आवळणारी रिंग पाइपाच्या टोकापासून एक अष्टमांश ते पाव इंच आत बसली पाहिजे. टोकावर बसलेली रिंग आज धरते आणि पहिल्या लांब प्रवासात सुटते. तांब्याच्या क्रिंप रिंगसाठी हत्यार दोन्ही बाजूंनी गोल बसवावं लागतं. सिंकखालच्या कोपऱ्यात ते शिरत नाही. तिथे स्टेनलेसचा सिंच क्लँप वापरा, त्याचं हत्यार फक्त कान दाबतं. क्रिंप केलेला प्रत्येक सांधा गेजने तपासा. वळण पाच इंच त्रिज्येपेक्षा घट्ट नको; तसं करावंच लागलं तर एल्बो घाला. लाकडातून जाताना भोक थोडं मोठं आणि त्यात रबरी ग्रोमेट, नाहीतर हादऱ्यांनी पाइप घासत राहतो. दर दीड फुटावर क्लिप. पाइप भिंतीच्या पोकळीत अजिबात घालू नका. कपाटांच्या आतून, फ्लोअरच्या वरून न्या. तिथे गळती हाताला लागते आणि गोठण्याचा धोकाही कमी.

प्लॅस्टिकच्या आट्यांना टेफ्लॉनचे तीन वेढे, आट्यांच्या दिशेने. हाताने घट्ट करून पान्ह्याने जेमतेम पाव फेरा. आत शंकूसारखा रबरी वायसर असलेल्या फिटिंगला टेफ्लॉन लावूच नका; तिथे वायसरच पाणी अडवतो, टेपमुळे तो तिरपा बसतो.

बाहेरच्या नळाच्या जोडणीला उलट-झडप (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी) असते, पंपातही एक असते. या दोन झडपा समजल्या की निम्म्या तक्रारींचं निदान बसल्या जागी होतं. पंप चालू केल्यावर बाहेरच्या जोडणीतून पाणी ठिबकतंय? बाहेरची झडप गेली. बाहेरचा नळ जोडल्यावर गोड्या पाण्याची टाकी आपोआप भरून ओसंडते? पंपातली गेली. सगळ्या तोट्या बंद असताना पंप दर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा दचकल्यासारखा वाजतो? कुठेतरी गळतंय, किंवा दाब पंपातून मागे टाकीत सुटतोय.

कॅम्पग्राउंडच्या नळाचा दाब कधीकधी ८० पीएसआयच्या वर असतो. ४० ते ५० पीएसआयचा रेग्युलेटर नळाच्या तोंडाशी लावा, ट्रेलरच्या तोंडाशी नको. म्हणजे मधला होजही वाचतो.

गरम पाण्यासाठी गॅसचा ६ गॅलनचा हीटर बसवायला बाहेरच्या पत्र्यात मोठं चौकोनी भोक पाडावं लागतं. अखंड जुन्या पत्र्याचं ते बघवत नाही. भांडी आणि हातपाय धुण्यापुरतं हवं असेल तर सिंकखाली अडीच गॅलनचा विजेचा हीटर बरा. १,४४० वॉटचा असेल तर १२० व्होल्टला १२ अँपिअर, म्हणजे त्याला १५ अँपिअरचं स्वतंत्र सर्किट द्या. पेक्स हीटरला थेट जोडू नका, मध्ये दीड फुटाचा धातूचा लवचिक पाइप. जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची नळी फ्लोअरमधून बाहेर. आणि टाकी पाण्याने भरल्याची खात्री होईपर्यंत स्विच लावायचा नाही. कोरडा एलिमेंट काही सेकंदांत जळतो.

आता चाचणी. ओटा कायमचा ठोकायच्या आधी, कपाटांच्या पाठी उघड्या असताना. गेज लावून ५० पीएसआयपर्यंत दाब चढवा. पेक्स थोडं ताणतं म्हणून पहिल्या अर्ध्या तासात काटा जरा उतरेल. पुन्हा ५० ला आणा, मग दोन तास उतरता कामा नये. प्रत्येक सांध्याखाली कागदी टॉवेलचा तुकडा ठेवा. बोटाला न कळणारा थेंब कागदावर स्पष्ट दिसतो. नंतर बाहेरच्या नळाची जोडणी काढून रात्रभर पंप चालू ठेवा. सकाळपर्यंत तो एकदाही वाजला नाही तरच ओटा ठोका.

सांडपाणी

दीड इंची काळा एबीएस प्लॅस्टिकचा पाइप, दर फुटाला पाव इंच उतार. उतार मोजताना ट्रेलर लेव्हलमध्ये उभा असल्याची आधी खात्री करा. जॅकवर नाक वर करून उभ्या ट्रेलरमध्ये बांधलेला उतार कॅम्पवर उलटा होतो. सगळे तुकडे कोरडे जुळवून, सांध्यांवर पेन्सिलने आडव्या रेघा मारून मगच सोल्युशन लावा. एबीएसचं सोल्युशन वेगळं आणि पीव्हीसीचं वेगळं. एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ढकला, थोडं फिरवा, रेघा जुळवा, अर्धा मिनिट दाबून धरा.

सिंकखाली ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारं पाइपाचं वळण, हवाच. घाट उतरताना ट्रॅपमधलं पाणी हिंदकळून जातं आणि मुक्कामाला पोचल्यावर सांडपाण्याच्या टाकीचा वास आत येतो; ती गळती नव्हे, पेलाभर पाणी ओता. छतातून व्हेंट काढायचा नसेल तर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह ट्रॅपच्या आडव्या पाइपापासून निदान चार इंच वर बसवा. तो सिंकखालीच चालतो. छताला आणखी एक भोक कमी. सांडपाण्याच्या टाकीला मात्र स्वतःचा व्हेंट लागतोच, नाहीतर सिंक घुटके घेत रिकामं होतं.

आपल्या स्वयंपाकात तेल आणि भाताची शितं जास्त. सिंकच्या तोंडाला बारीक जाळी लावा, आणि कढईतलं तेल आधी कागदाने पुसून घ्या. सांडपाण्याची टाकी रिकामी करायच्या दीड इंची गेट व्हॉल्व्हच्या खाचेत गार तेल आणि शितं थिजली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि टोपी उघडताच पाणी बुटांवर.

सोळा फुटांत संडासाची कायमची टाकी बसवणं आम्हाला पटत नाही. पाच गॅलनचा पोर्टेबल कॅसेट संडास पुरतो. त्याला जेट स्प्रे जोडायचा मोह होईल, पण दोघांत एका दिवसात कॅसेट भरेल. तिथे तांब्या बरा.

इन्सुलेशन, पॅनेल, शेलॅक

वायरिंग याच टप्प्यावर पुरं करा, गॅसची लाइनही. जुन्या तांब्याच्या गॅसलाइनची दाबचाचणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. साबणाच्या फेसाने फक्त ढोबळ गळती कळते. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा अलार्म फ्लोअरजवळ. कार्बन मोनॉक्साइड आणि धुराचे वेगळे.

पोकळी पाऊण इंचाची, म्हणून तेवढ्याच जाडीचा कडक फोम पट्ट्यांच्या मध्ये कापून बसवा. फायबरग्लासची गादी पाणी धरून ठेवते आणि उंदरांना आवडते.

आतली पॅनेल एक अष्टमांश इंची बर्च प्लायवूडची. कमानीसाठी शीट विकत घेताना दाणा कोणत्या दिशेने आहे ते बघा, चुकीच्या दिशेने वाकवलं की तडकतं. तरीही वळण फार घट्ट असेल तर बाहेरची बाजू ओल्या टॉवेलने तासभर दमट ठेवा. फिनिश भिंतीवर चढवण्याआधी, शीट आडवी ठेवूनच लावा, मागच्या बाजूलाही एक हात. जुना मधासारखा रंग अंबर शेलॅकने (लाखेच्या पॉलिशने) येतो: दोन-तीन पातळ हात, मध्ये ३२० चा सँडपेपर. मात्र दुकानात मिळणाऱ्या अंबर शेलॅकमध्ये मेण असतं, त्यावर पॉलियुरेथेन धरत नाही. मध्ये मेणविरहित शेलॅकचा एक हात दिला की धरतं. शेगडी आणि सिंकच्या आसपास हे करावंच लागतं, कारण नुसतं शेलॅक वाफेने पांढरं पडतं आणि हळदीचा डाग पकडतं. शेगडीमागे स्टेनलेसचा पत्रा मारा, आणि छतावरच्या हाताने फिरवायच्या जुन्या व्हेंटच्या जागी १२ व्होल्टचा पंखा घाला; भोक १४ बाय १४ इंची असेल तर नवा तसाच बसतो. बंद डब्यात फोडणीचा धूर गादीच्या कापडात जातो आणि वर्षभर राहतो.

कपाटांना अर्धा इंची प्लायवूड पुष्कळ झालं. पाऊण इंची चार बाय आठची एक शीट जवळपास ७० पौंडांची असते. अशा पाच शीट म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या माथी साडेतीनशे पौंड.

पत्रा परत

सिलिकॉन कुठेही नको. ते सुटलं की त्या जागी दुसरं काही चिकटत नाही, पुन्हा सिलिकॉनसुद्धा नाही. खिडक्या, दार, मोल्डिंग, लाइट, सगळ्याखाली ब्युटिल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी. स्क्रू मधून कडेकडे, प्रत्येक वेळी थोडा थोडा, टेप दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावेपर्यंत. दोन-तीन दिवस उन्हात राहू द्या, पुन्हा आवळा, मग बाहेर आलेली टेप प्लॅस्टिकच्या पात्याने कापा. शेवटी साध्या होजने खालून वर पाणी मारा, एका जागी पाच मिनिटं, आत एकजण टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर गळती कुठली ते कळत नाही. प्रेशर वॉशर बंद.

नळ वापरात आणायच्या आधी टाकी धुवा: दर १५ गॅलनला पाव कप बिनवासाचं ब्लीच, सगळ्या तोट्यांतून वास येईपर्यंत सोडा, १२ तास ठेवा, मग दोनदा स्वच्छ पाण्याने. न्यू जर्सी-मिशिगनकडच्यांनी पहिल्या गोठणाऱ्या रात्रीआधी टाकी आणि हीटर रिकामे करावेत, हीटर बायपास करावा आणि पंपाने गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (पाण्याच्या पाइपांसाठीचं न गोठणारं द्रव) ओढून प्रत्येक तोटीतून गुलाबी येईपर्यंत सोडावं. दोन गॅलन पुरतात. ट्रॅपमध्ये वेगळा एक कप ओता. मोटारीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते पाण्याच्या पाइपात कधीच नाही. टेक्सासवाल्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथेही पाइप फुटले होते.